चिपाड म्हणा खुशाल

मी बोलतोय. इकडंतिकडं काय बघता? मान वर करा. कपाटावर, फाइलींच्या गठ्ठ्याशेजारी, उजव्या अंगाला हँडल असलेलं ते काळं लोखंडी धूड दिसतंय ना, तोच मी. आकडेमोडीचं यंत्र. "भंगार" म्हणायचं असेल तर आल्या पावली परत जा, मला ऐकवायची हौस नाही. पण बसलात तर नीट बसा. मी आकडा चुकत नाही आणि गोष्टही फिरवून सांगत नाही.

जन्म माझा थंड मुलखातला. पोटातली चाकं कुणी घासली, स्प्रिंगा कुणी बसवल्या, आठवत नाही. बोटीनं मुंबईला आलो आणि तिथून साताऱ्याच्या एका सरकारी कचेरीत. कालव्याची मापं काढण्यात तिथं पंधरा वर्षं गेली. साहेब बदलले, कारकून बदलले. प्रत्येकानं माझ्यावर चहाचा कप ठेवला आणि तेल मात्र एकानंही घातलं नाही. मग लिलाव झाला. पोत्यात गुंडाळून एस्टीच्या टपावर चढवलं मला, आणि उतरलो तो सांगली जिल्ह्यात, कृष्णाकाठच्या या साखर कारखान्यात. साल अडुसष्ट.

माझं शरीर साधं. दहा बटणं, एक हँडल आणि एक घंटी. हँडल पुढं फिरवलं की बेरीज, मागं फिरवलं की वजाबाकी. लहान आकड्यातून मोठा काढायला गेलात की मी टण्णकन वाजतो. म्हणजे थांब बाबा, काहीतरी उणं झालंय. या घंटीचा मला अभिमान आहे. चूक दिसली की गप्प बसणं माझ्या घडणीतच नाही.

काम काट्याचं. उसाची गाडी येते, भरलेली तोलतात. ऊस गव्हाणीत, म्हणजे चरकाकडं नेणाऱ्या पट्ट्यावर, पडला की रिकामी तोलतात. भरल्यातून रिकामं वजा केलं की उरतो तो ऊस. शेतकऱ्यानं वर्षभर राबून पिकवलेला ऊस माझ्या एका उलट्या वळशात येतो. किलोभरही इकडचं तिकडं होऊन चालत नाही.

बहात्तर साली मनुबाई आल्या. माण तालुक्यातल्या, दहिवडीकडच्या. नवरा फौजेत होता, एकाहत्तरच्या लढाईत गेला. कारखान्यानं जवानाची बायको म्हणून नोकरी दिली आणि चाळीत एक खोली. शिक्षण सातवी. पहिल्या दिवशी त्यांनी भीत भीत माझं हँडल धरलं, एक वळसा दिला आणि फस्सकन हसल्या.

"आगं बया! हे तर जातंच की!"

त्या दिवसापासून माझं नाव जातं पडलं. दुसऱ्या कुणी ठेवलं असतं तर मी दात अडकवून बसलो असतो. पण या बाईनं आठ दिवसांत पदराच्या टोकानं माझं एकेक बटण पुसलं आणि शिवणयंत्राचं तेल आणून घातलं. उण्यापुऱ्या वीस वर्षांत पहिल्यांदा मला कुणीतरी माणसागत वागवलं. मग मीही त्यांच्यासाठी पळायला लागलो.

काट्यावर केरबा होता, फौजेतून निवृत्त झालेला. आवाज असा खडा की खिडकीची काच थरथरायची. काट्यावरून तो आकडे ओरडायचा, पण उलटे. रिकाम्या गाडीचा आधी, भरल्याचा मागनं. कारण त्याचंही बरोबर होतं. रिकामी गाडी आत्ता समोर तोललेली, तिचा आकडा डोळ्यापुढं. भरल्याचा मघाशी चिठ्ठीवर लिहिलेला, तो हुडकून मग सांगायचा. "पाचशे ऐंशी! दोन हजार तीनशे चाळीस!" मनुबाई पहिला आकडा ध्यानात ठेवायच्या, दुसरा आधी बसवायच्या, मग पहिला काढायच्या. सहा महिन्यांत दोघांच्याही हे इतकं अंगवळणी पडलं की असं काही आपण करतो हेच दोघं विसरून गेले. हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

पंच्याहत्तर साली, गाळप सुरू झाल्या झाल्या, जिनपाल आला. सांगलीचा. कॉम्प्युटर बनवणाऱ्या एका कंपनीची यंत्रं विकायचा. विक्रेता असून खरं बोलायची त्याला खोड होती. आमचे हेडक्लार्क नाथाजीराव यांच्यापुढं त्यानं रंगीत कागद पसरले आणि हळूच म्हणाला, "साहेब, खरं सांगू का? यंदाचं घेऊ नका. पुढच्या पिढीचं यंत्र येतंय. त्याचा सगळा मेंदू एका चिपेत मावतोय."

खिडकीतून केरबानं डोकं आत घातलं. "कशात? चिपाडात?"

"चिपाड न्हवं केरबामामा, चिप."

"तेच की रं गड्या! आरं, चिपाडात मेंदू असंल तर आपल्या मागच्या अंगाला डोंगर लागलाय मेंदूंचा!"

चिपाड म्हणजे ऊस पिळल्यावर उरलेला चोथा. आमच्या कारखान्याच्या मागं त्याचे ढीगच्या ढीग. मग काय विचारता! कँटीनमध्ये आठवडाभर दुसरा विषय नाही. कुणी म्हणे, ते यंत्र उसाचा नुसता वास घेऊन साखरेचा उतारा सांगतं. कुणी म्हणे, मराठी बोलतं. कुणाचा ऊस आधी तोडायचा ही पाळीही तेच ठरवणार, वशिला चालणार नाही, असं कळल्यावर दोन-तीन बडी मंडळी चहा अर्धा टाकून उठली. कुणी ते पाहिलं नव्हतं, पण प्रत्येकाला त्याची उंचीसुद्धा ठाऊक होती. आणि मी? मी त्याच खोलीत बसून रोज दोनशे गाड्यांची वजाबाकी करत होतो. माझ्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. राग आला मला. अजून येतो.

त्याच आठवड्यात नाथाजीराव मनुबाईंच्या टेबलाशी येऊन उभे राहिले. "मनुबाई, ते आलं की हे जातं भंगारात. आन तुमीबी गावाकडं जायाची तयारी ठेवा. नव्या यंत्राला मॅट्रिक पास मानूस लागतोय. वाईट वाटून घेऊ नका, पर रस गेला की मागं चिपाडच ऱ्हातं."

मनुबाई माझं हँडल घट्ट धरून बसल्या. नोकरी गेली की खोली जाणार. मग दहिवडीला दिराच्या घरात एक कोपरा आणि उठता-बसता टोमणे. त्या मुठीचा दाब मला चाकापर्यंत कळला. त्या क्षणी मी ठरवलं की आपण जाम व्हायचं नाही. काय वाट्टेल ते होवो, मोडायचं नाही.

पुढच्या साली जिनपाल पुन्हा आला. चिपवालं यंत्र तयार होतं. नाथाजीरावांनी पेनाचं टोपण काढलं. एवढ्यात मनुबाई जागेवरूनच म्हणाल्या, "जिनपालभाऊ, एक इचारू? त्याच्या म्होरचं कवा येनार?"

जिनपालचे डोळे असे चमकले की काय सांगू! "आवं मनुबाई, ते तर ह्याच्या दुप्पट पळणार! मेंदू तेवढाच, पण आत जागा दुप्पट. साल-दीड सालात बघा."

नाथाजीरावांनी टोपण परत लावलं. "मग आत्ता घेऊन गाढव ठरायचं का आमी? थांबू की."

मनुबाईंनी माझ्याकडं बघितलं. तोंडावर रेष हलली नाही, पण हँडलला असा काही झोका दिला की मी मनातल्या मनात घंटी वाजवली! बघितलंत? पुढची पिढी जितकी भारी, तितकी ही पिढी जास्त टिकते. दरसाल बाईचा तोच प्रश्न, जिनपालचे तेच चमकणारे डोळे आणि तेच टोपण. तीन हंगाम आम्ही असे काढले.

पण एक गोष्ट माझ्या जिव्हारी लागली. सत्त्याहत्तरची खंडेनवमी. आपल्याकडं त्या दिवशी हत्यारांची, अवजारांची पूजा. काट्याला हार, बॉयलरला हार, केरबाच्या शिट्टीलासुद्धा झेंडूचं फूल. आणि ऑफिसात? भिंतीवर त्या येणाऱ्या यंत्राचं चित्र चिकटवलेलं होतं. नाथाजीरावांनी हार त्याला घातला. कागदाला! ज्यानं अजून एक मोळी तोलली नाही, त्याला नारळ! मनुबाईंनी पूजेच्या ताटातलं फूल उचलून माझ्या हँडलला अडकवलं म्हणून निभावलं, नाहीतर मी त्या दिवशी खरंच फुटलो असतो.

अठ्ठ्याहत्तर साली मात्र वरूनच हुकूम आला. शेजारच्या कारखान्यानं घेतलं, मग आपण का मागं? खोकं आलं. त्यातून निघालं ते गुळगुळीत, पांढरं, माझ्या निम्म्या वजनाचं. वायर लावली, हिरवे आकडे पेटले. जिनपाल स्वतः बटणांवर बसला. मनुबाई माझ्याशेजारी उभ्या, हातात फडकं. त्यांची पेटी बांधून झाली होती, हे मला ठाऊक होतं.

केरबानं ओरडायला सुरुवात केली. "सहाशे दहा! दोन हजार चारशे पाच!" जिनपालची बोटं ऐकली तशी पडत गेली. खटखट, खटखट, कागदावर आकडा हजर. खोटं कशाला बोलू, तो माझ्याहून कितीतरी चपळ होता. मला हँडलाचा वळसा पुरा करायला लागतो तेवढ्यात त्याच्या तीन गाड्या होत होत्या. जळफळाट झाला माझा. तीस गाड्या झाल्या आणि नाथाजीरावांनी टाळी वाजवली. "बगा! हूं न्हाई का चूं न्हाई!"

"तेच म्हनते मी," मनुबाई म्हणाल्या. "घंटी का वाजली न्हाई?"

सगळे हसले. नाथाजीराव तर खोकेपर्यंत हसले. "आवं, ह्याला घंटी नसती, मनुबाई! हे नव्या पिढीचं हाय."

बाई हसल्या नाहीत. पुढं झाल्या आणि कागद हातात घेतला. "मग परतेक आकड्याच्या आदी ही बारीक आडवी रेघ कसली?"

जिनपालनं कागद बघितला. त्याचा चेहरा पडला. "उणे," तो पुटपुटला. "सगळे आकडे उणे आलेत."

"म्हंजे तीस गाड्यांनी ऊस आनला न्हाई. आपल्याच गव्हाणीतनं भरून माघारी न्हेला, व्हय?"

केरबा खिडकीत हबकून उभा. "आवं, म्या काट्यावर आल्यापासनं आसंच वरडतोय. रिकामी आदी, भरल्याली मागनं. मनुबाईंनी कवा तक्रार केली न्हाई!"

बाई इतकी वर्षं ते आकडे हातासरशी उलटवून बसवत होत्या, जिनपालनं ऐकले तसे बसवले. त्या नव्याला मी दोष देणार नाही. त्याला जसं सांगितलं तसं त्यानं केलं, तेही चटकन. पण तीस शेतकऱ्यांचा ऊस बुडवून तो गप्प राहिला, आणि मी पहिल्याच गाडीला बोंब मारली असती. हा फरक आहे आमच्यात, आणि तो मी कुणाच्याही तोंडावर सांगेन.

"व्हा जरा बाजूला, जिनपालभाऊ," मनुबाई म्हणाल्या. जिनपाल उठला. त्या खुर्चीत बसल्या.

"आवं, पर मॅट्रिक..." नाथाजीराव पुढं सरसावले.

बाईंनी मान वर केली. सहा वर्षांत त्यांचा असा आवाज मी ऐकला नव्हता. "सायब, तुमी मला चिपाड म्हनला हुता. आपला बॉयलर कशावर पेटतो?"

 उत्तर खिडकीतून आलं, फौजी आवाजात. "चिपाडावर!"

बटणं तिथंही दहाच होती. बाईंनी एकदा त्यांवरून बोट फिरवलं आणि केरबाला हाक दिली, "वरडा मामा, तुमच्याच पद्धतीनं!" तीस गाड्या पुन्हा झाल्या. एकाही आकड्याआधी रेघ नव्हती. नाथाजीरावांनी हुकूम लिहिला: मनुबाईंना नव्या यंत्रावर तात्पुरतं ठेवावं. ते तात्पुरतं आजतागायत चालू आहे आणि खोलीचं कुलूपही त्यांच्याच किल्लीनं उघडतं.

मला भंगारात न्यायला दोघं आले होते. बाईंनी सरळ सांगितलं, "ह्याला हात लावला तर बगा." तेव्हापासून मी कपाटावर. काम नाही, हे खरं. गुडघे, म्हणजे चाकं, जरा कुरकुरतात. पण कुणी कीव करायची गरज नाही. हँडल फिरवून बघा, अजून फिरतं. उणं करून बघा, अजून वाजतो.

आज एकोणऐंशीची खंडेनवमी. सकाळीच जिनपाल आला, बॅगेत नवा कागद. त्याच्या पुढच्या पिढीचं चित्र नाथाजीरावांनी लगेच भिंतीवर चिकटवलं आणि हार घातला. खाली टेबलावरचं ते पांढरं यंत्र एका सालात जुनं झालं. त्याचे हिरवे आकडे जरा मंद झाल्यासारखे वाटले मला. मी वरून म्हणालो, बस गड्या, घाबरू नको. माझ्या मागं पुष्कळ पिढ्या आल्या, अजून आहे मी.

तुम्हाला एवढंच सांगायचं आहे. येणाऱ्याची वाट बघा, खुशाल बघा. पण हार कागदाला घालू नका. जे हाताशी राबतंय त्याला घाला, आणि दोन थेंब तेल.

आता बघा, मनुबाई उठल्या. भिंतीवरच्या चित्राचा हार काढला आणि खालच्या यंत्राला घातला. त्या हारातलं एक फूल तोडून, टाचा उंचावून, माझ्या हँडलला अडकवलं. नाथाजीराव बघतच राहिले. दारात जिनपाल चपला घालत होता, त्याच्याकडं वळून बाईंनी विचारलं,

"आन जिनपालभाऊ, त्याच्या म्होरचं कवा येनार?"