दारासमोरची जागा

मंगळवारी दुपारी ग्लेनिस प्रिचर्डनं सेलम स्ट्रीटला चौथी फेरी मारली, तरी तिच्या दारासमोर ती लाल व्हॅन होती तिथंच होती. व्हॅन शूजमध्ये आलेल्या कुणाची तरी. समोरच्या पबचं पाटीवरचं नाव 'थ्री हॉर्सशूज', पण एवढं लांबलचक कोण म्हणणार, सगळे नुसतं शूज म्हणतात. डार्ट्सचा सामना असला की खोऱ्यातल्या चार गावांतली माणसं वर येणार, आणि गाड्या लावणार कुठं, तर दुसऱ्याच्या उंबऱ्यावर. चढाला चिकटून बांधलेली चाळीस घरं, एकालाही गॅरेज नाही. ही घरं बांधली तेव्हा खाणकामगाराकडं गाडी असेल असं कुणाच्या बापाच्या स्वप्नात तरी आलं असेल का!

"खाली चॅपलपाशी लाव," शेजारच्या सीटवरून एमलिन म्हणाला. "चालेन मी."

"काय डोंबलाचा चालशील!"

पण लावावीच लागली. एमलिननं सव्वीस वर्षं कोळसा खणला होता आणि त्यातला बराचसा छातीत भरून घरी आणला होता. आता शहात्तराव्या वर्षी तो वीस पावलं चालायचा, थांबायचा, पाण्याबाहेर काढलेल्या माशासारखं तोंड उघडायचा आणि मग पुढची वीस. हॉस्पिटलातून आल्यावर तर तेवढीही नाहीत. त्या दिवशी चढावर तो दोनदा लोकांच्या कुंपणाच्या कट्ट्यावर टेकला. तिसऱ्यांदा कट्टा येण्याआधीच थांबला, आणि ग्लेनिसनं पाहिलं तर त्याची पँट ओली होत होती. त्यांच्या दारासमोरच, शूजच्या पायरीवर ग्लास घेतलेले दोघं जण उभे होते. त्यातला एक धावत आला. "काका, हात देऊ का?"

शिवी दिली असती तरी परवडलं असतं. एमलिननं मान वर केली नाही. घरात शिरल्यावर तो म्हणाला, "कुणाला सांगू नकोस," आणि जिन्याच्या पहिल्याच पायरीवर बसून राहिला.

ग्लेनिसच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. तिला जगाकडून काय हवं होतं? एका गाडीपुरती जागा, स्वतःच्या दारासमोर, आजारी नवऱ्यासाठी. दारासमोर रस्त्यावर अपंगांच्या गाडीची राखीव चौकट रंगवून द्या म्हणून कौन्सिलकडं अर्ज करून दोन वर्षं झाली होती. एकदा उत्तर आलं, रस्ता अरुंद आहे. दुसऱ्यांदा आलं, विचार चालू आहे. बसलेत विचार करत, मेले.

आणि अशा वेळी दारात उभे राहिले प्रोबर्ट मास्तर.

प्रोबर्ट मास्तर शाळेतून निवृत्त झाले होते, पण चुका काढायची सवय निवृत्त झाली नव्हती. कचऱ्याचे डबे, कुत्री, दिवे, कौन्सिलला रोज एक पत्र. आता त्यांनी शूजच्या दारूच्या लायसन्सवर फेरविचार व्हावा म्हणून अर्ज ठोकला होता, आणि गल्लीभर तक्रारीची पत्रं गोळा करत फिरत होते.

"लिहिते की," ग्लेनिस म्हणाली. "त्या गाड्यांनी जीव नकोसा केलाय."

"गाड्यांचं लिहाल तर थेट टोपलीत जाईल, बाई. लायसन्सच्या फॉर्मात पार्किंगला रकानाच नाही. इतरांना सांगून दमलो. गोंगाट, दारूडे, लोकांना उपद्रव, यातलं काही असेल तर बोला."

"पण गोंगाट असा..." ग्लेनिस अडखळली. "गुरुवारी गाणी म्हणतात, तेवढंच."

"गाणी! मग आहे की!" मास्तरांचे डोळे चमकले.

गुरुवारी चॅपलच्या तळघरात पुरुषांच्या गायनमंडळाची तालीम असायची. आठ वाजता तालीम संपली की सगळे शूजमध्ये, आणि तिथं खरं गाणं सुरू व्हायचं. एमलिन त्या मंडळात तीस वर्षं खालच्या पट्टीत गायला होता. आता गाण्याइतका श्वास उरला नव्हता. अंगात बळ असेल त्या दिवशी तो रस्ता ओलांडून जायचा, बरोबर एकतीस पावलं, मध्ये एकदा थांबून. एर्लिस, म्हणजे शूज चालवणारी बाई, त्याची खिडकीजवळची खुर्ची कुणाला बसू द्यायची नाही. तो अर्धा ग्लास बिअर पुढ्यात घ्यायचा आणि टेबलावर बोटानं ताल धरायचा. जाणं झालं नाही तर वरच्या खोलीत पलंगावर बसून ऐकायचा. थंडी असो वा पाऊस, गुरुवारी आठला खिडकी उघडी हवी. आणि ती खिडकी उघडून द्यायची ग्लेनिसच. म्हणजे तिला ठाऊक नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

तरी तिनं लिहिलं. स्वयंपाकघराच्या टेबलावर, चहा गार होईपर्यंत लिहिलं. 'दर गुरुवारी चालणाऱ्या आरडाओरड्यामुळे माझ्या आजारी नवऱ्याला विश्रांती मिळत नाही. त्याचा श्वास कोंडतो. या पबमुळे आमच्या दाराशी भर दिवसा लघवी होते.' हे शेवटचं वाक्य लिहिताना तिचा हात क्षणभर थांबला. लघवी झाली होती हे खरंच होतं. कुणाची, ते तिनं लिहिलं नाही.

कागद कुठल्यातरी साहेबाच्या खणात जाईल, शूजला दम मिळेल, गाड्या जरा कमी होतील. एवढाच तिचा हिशोब.

सुनावणी महिन्याभरानं झाली, खाली शहरात, सकाळी दहाला. मास्तरांनी आग्रह केला म्हणून ग्लेनिस गेली आणि मागच्या रांगेत बसली. पुढं एर्लिस बसली होती, चॅपलला जायचा निळा कोट घालून. कारकुनानं सांगितलं, अकरा पत्रं आली आहेत. त्यातली दहा पार्किंगबद्दल आहेत, त्यांचा विचार या समितीला करता येत नाही. गल्लीतल्या दहा घरांनी खरं काय ते लिहिलं होतं, म्हणून ती दहाच्या दहा बाद झाली. राहिलं एक.

ते एक त्यानं मोठ्यानं वाचलं. नावासकट, घराच्या नंबरासकट.

ग्लेनिसला वाटलं, जमीन फाटावी. सगळी पत्रं वाचली जातात, ज्याच्याविरुद्ध असतात त्याला दाखवली जातात, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, आणि तिनं विचारलंही नव्हतं. एर्लिस मागं वळली.

"ग्लेनिस? अगं, तू?"

अध्यक्षांनी एर्लिसला विचारलं, यावर काही म्हणायचं आहे का? एर्लिस उभी राहिली. तिच्या एका वाक्यात सगळं आटोपलं असतं. गाणं लागलं की त्या घराची खिडकी उघडते, साहेब, बंद होत नाही. पण ती म्हणाली, "एमलिनला त्रास होतो असं त्याची बायको सांगते, तर होत असेल. तिला मी खोटी कशी म्हणू? त्याला त्रास व्हावा अशी माझी इच्छा नाही." आणि खाली बसली.

निकाल लागला. पब नऊला बंद. गाणंबजावणं पूर्ण बंद. मास्तरांनी ग्लेनिसचा हात हातात घेऊन हलवला. "तुमच्या पत्रानं काम केलं, बाई!" बसमधून परत येताना तिनं सारखा तो हात रुमालाला पुसला.

पुढच्या गुरुवारी आठ वाजता तिनं खिडकी उघडली. उघडायला नको म्हणावं तर कारण काय सांगणार?

"गुरुवार ना आज?" थोड्या वेळानं एमलिननं विचारलं.

"हो."

"मग गप्प का सगळे?"

"सर्दीचे दिवस आहेत. आले नसतील."

त्यानं मान हलवली, पण खिडकी लावू दिली नाही. अर्धा तास गार वाऱ्यात कान देऊन बसला. ग्लेनिस खाली जाऊन उगाच धुतलेली भांडी परत धुऊ लागली.

रविवारी तो काठी घेऊन निघाला. एकतीस पावलं. ती पडद्याआडून बघत होती. एरवी त्याला परत यायला तास लागायचा, त्या दिवशी दहा मिनिटांत आला. शूजच्या दारावर समितीच्या अटींचा कागद लावायचा हुकूम होता, आणि त्यात स्वच्छ लिहिलं होतं, 'शेजारी राहणाऱ्या आजारी इसमाच्या प्रकृतीचा विचार करून'.

"आजारी इसम म्हणजे मीच ना?" एमलिननं दारातच विचारलं. धाप लागली होती तरी विचारलं. "एर्लिसला म्हटलं, तक्रारीचं पत्र दाखव. नको म्हणाली. मी हट्ट केला. लघवीचंसुद्धा लिहिलंस, ग्लेनिस?"

"तुझ्यासाठीच केलं रे! गाडी दारात लागावी म्हणून! तुला त्या चढावर तसं..."

"गाडीतून मी जातो कुठं? हॉस्पिटलात. चालत जायला एक जागा होती मला. एकच."

ती रडली. तो तिच्याशी भांडलाही नाही. भांडायलाही श्वास लागतो.

त्या संध्याकाळी दाराबाहेर झाकलेला वाडगा होता. दर रविवारी एर्लिस एमलिनला तांदळाची खीर पाठवायची, गेली सहा वर्षं, आणि देताना ग्लेनिसशी दारात चार गप्पा मारायची. खीर आली, पण दार वाजलं नाही. पुढच्या रविवारीही तसंच. ग्लेनिस रिकामा वाडगा धुऊन शूजच्या पायरीवर ठेवून यायची, चोरासारखी.

मग गायनमंडळ पलीकडच्या गावच्या रग्बी क्लबात जाऊ लागलं. डार्ट्सवाले गेले. नऊला हाकलून देतात तिथं कोण कशाला येईल? मार्चमध्ये मालक कंपनीनं शूजला कुलूप घातलं. एर्लिस बहिणीकडं स्वान्सीला गेली. जाताना एमलिनला भेटायला आली, त्याच्याजवळ बसली, आणि निघताना ग्लेनिसला म्हणाली, "मला नुसतं सांगितलं असतंस ना, तर दारासमोर मी स्वतः खुर्ची टाकून जागा अडवून ठेवली असती. कुणाची टाप होती तिथं गाडी लावायची?"

हे ग्लेनिसला कधी सुचलंच नव्हतं. तेहतीस वर्षं समोर राहणाऱ्या बाईला सांगायचं सोडून तिनं कौन्सिलला पत्र लिहिलं होतं.

आता रस्ता मोकळा झाला. इतका मोकळा की आडवं झोपावं. ग्लेनिस कधीही येवो, दारासमोरची जागा तिचीच. एमलिन गाडीतून उतरून तीन पावलांत घरात, आणि घरातून कुठंच नाही. गुरुवारी खिडकी उघड असं त्यानं पुन्हा कधी म्हटलं नाही.

मे महिन्यात दिव्याच्या खांबाला कौन्सिलचा एक पिवळा कागद बांधलेला दिसला. थ्री हॉर्सशूजच्या इमारतीत आठ फ्लॅट. गाड्यांसाठी जागा: नाही. हरकत असल्यास लेखी कळवा. ग्लेनिसनं तो दोनदा वाचला. डार्ट्सवाले निदान रात्री घरी जायचे. या आठ घरांच्या गाड्या कुठं जाणार? रात्रंदिवस इथंच, जन्मभर!

"यात पार्किंगला रकाना आहे!" प्रोबर्ट मास्तर मोठ्या उत्साहानं म्हणाले. "गल्लीच्या सह्या गोळा करा. माझा गुडघा धरलाय, नाहीतर मीच फिरलो असतो."

ग्लेनिस कागद घेऊन निघाली. या वेळी सगळं खरं होतं, एक अक्षर खोटं नव्हतं. पहिल्याच दारात मर्विन रीसची बायको उभी राहिली, हाताची घडी घालून.

"गाड्यांचं का? आम्ही लिहिलं होतं बाई मागं. खरं होतं म्हणून फेकून दिलं त्यांनी. तूच लिही. तुझं ऐकतात ते."

पुढच्या घरात टीव्हीचा आवाज बारीक झाला आणि दार उघडलं नाही. त्याच्या पुढच्या घरातून कुणीतरी ओरडलं, "चष्मा सापडत नाहीये!" चाळीस घरं फिरून कागदावर तिची सोडून दोन सह्या झाल्या, एक मास्तरांची आणि एक गल्लीत नुकत्याच राहायला आलेल्या, कुणाला न ओळखणाऱ्या मुलीची.

घरी आल्यावर ती वर गेली. एमलिन पलंगावर उशांना टेकून बसला होता. तिनं कागद त्याच्या मांडीवर ठेवला आणि पेनाचं टोपण काढून दिलं.

"काय लिहिलंयस?" त्यानं विचारलं.

"गाड्यांचं. तुझ्या आजाराचं. सगळं खरं आहे, वाचून बघ ना."

त्यानं वाचलं. सावकाश, शेवटपर्यंत. मग टोपण पेनाला लावलं.

"माझ्या नावानं एकदा लिहिलंस तू," तो म्हणाला. "तेव्हा माझी सही लागली नव्हती."

"एमलिन, अरे, तुझी सही नसेल तर लोक काय म्हणतील? ज्याच्यासाठी सगळं चाललंय त्याचीच..."

"माझ्यासाठी काही चाललेलं नाही, ग्लेनिस." त्यानं श्वास घेतला, आणखी एक घेतला. "किती वाजले?"

तिनं घड्याळ पाहिलं. आठ वाजत आले होते. वार कोणता ते दोघांनाही माहीत होतं.

"ती खिडकी किलकिली राहिलीय," तो म्हणाला. "लावून घे."

ग्लेनिस उठली. समोर शूजच्या खिडक्यांना फळ्या ठोकलेल्या होत्या. खाली, दाराच्या अगदी समोर, त्यांची गाडी उभी होती.