सातव्या हिरवळीवरचं दव

"साडेदहा फूट," प्रिंगलसाहेबांनी चेंडू उचलून कोटाला पुसला. "मला साडेअकरा हवेत."

त्यांच्या हातात पन्हळीसारखी ॲल्युमिनियमची पट्टी होती. तिच्यावरून चेंडू सोडायचा आणि गवतावर तो किती लांब जातो ते मोजायचं. जितका लांब जाईल तितकी गोल्फच्या होलभोवतीची ती हिरवळ वेगवान. स्पर्धेच्या तिसऱ्या दिवशी सकाळी सहाला प्रिंगलसाहेब एवढ्यासाठी सातव्या होलपाशी आले होते, आणि तेही बूट न काढता. मैदानाचं गवत राखणाऱ्या डॉड लम्सडेनची नजर त्या बुटांवरून हलत नव्हती.

"साहेब, ही सातवी आहे," डॉड म्हणाला. "सगळी समुद्राकडे उतरती. हिला साडेदहाच्या पुढे न्यायची नाही. दुपारी वारा उठला तर चेंडू जागेवर थांबायचा नाही."

"वाऱ्याचा अंदाज माझ्याकडे आहे. ताशी बारा मैल."

"अंदाज तुमच्याकडे, गुडघा माझ्याकडे. कालपासून ठणकतोय."

गवत कापायच्या यंत्राला टेकलेला हेक्टर खुदकन हसला. यंत्र अजून सुरूही केलेलं नव्हतं. हेक्टर एकोणीस वर्षं डॉडच्या हाताखाली होता. मैदानावरचे सगळे डॉडला मुकादम म्हणत, ती सवय हेक्टरनेच लावलेली.

प्रिंगलसाहेब मात्र हसले नाहीत. स्पर्धा भरवणाऱ्या संघटनेचा हा माणूस आठवडाभर नाकाने कांदे सोलत हिंडत होता. "आणखी एकदा कापा, आणि वर रूळ फिरवा."

डॉडने खिशातला चाकू काढला, कडेला गवतात खुपसला आणि मातीची बोटभर वडी वर काढली. खाली नुसती वाळू, तिच्यात केसासारखी मुळं. नऊ दिवस त्याने या गवताला तहानेलं ठेवलं होतं. रोज तळहात टेकून बघायचा आणि जिथे चटका लागेल तिथेच झारीने घोटभर पाणी द्यायचा. पाणी जास्त झालं की जमीन मऊ पडते आणि राठ गवत घुसतं, कमी झालं की हे बारीक गवत दोन दिवसांत तांबूस पडून मरतं. मरू द्यायचं नाही आणि धड जगूही द्यायचं नाही, एवढंच ते काम. एकतीस वर्षं तो तेच करत होता. "क्लब तुलाही तसंच ठेवतो की," त्याची बायको इसोबेल म्हणायची.

"साहेब, आत्ता सव्वा सूत उरलंय," तो म्हणाला. "आणखी काय कापू, माती?"

एवढ्यात क्लबचे सेक्रेटरी हॅल्डेन आले. प्रिंगलसाहेबांनी त्यांना दोन वाक्यांत सगळं सांगितलं. हॅल्डेननी घसा खाकरला. "डॉड, सोमवारी कमिटीपुढे तुझ्या घराचा कागद आहे. सोमवारी. लक्षात आहे ना?"

लक्षात नसेल कसं? मैदानाच्या कडेचं ते दोन खोल्यांचं दगडी घर नोकरीबरोबर मिळालेलं. डिसेंबरात डॉड निवृत्त व्हायचा होता. स्पर्धा नीट पार पडली की मरेपर्यंत तिथेच राहा, असा हॅल्डेनचा शब्द होता. इसोबेलची नजर चार वर्षांपूर्वी गेली. चुलीपासून न्हाणीपर्यंत, दारापासून रास्पबेरीच्या कुंपणापर्यंत तिला ते घर हाताला पाठ होतं. दुसऱ्या घरात ती आंधळी झाली असती.

"सरक बाजूला, हेक्टर," डॉड म्हणाला. "उद्या बोट दाखवायची वेळ आली तर तुझ्याकडे नको." आणि यंत्र सुरू करून सातवी त्याने स्वतः कापली.

वारा दोन वाजता उठला. आघाडीवरच्या खेळाडूचा चेंडू होलपासून वीतभर अंतरावर थांबला. त्याने खूण ठेवून तो उचलला, पुसला, परत ठेवला आणि काठी हातात घेतली. चेंडू हलला. आधी सावकाश, मग उताराला लागून चाळीस फूट खाली घरंगळला आणि वाळूच्या खड्ड्यात जाऊन पडला. लोक हसले. पुढच्या दोघांचंही तेच झालं, तेव्हा हसण्याची हुर्यो झाली. खेळ थांबवला. आठ हजार माणसांसमोर आणि टीव्हीच्या कॅमेऱ्यासमोर गवत ओलं करून चेंडूचा वेग कमी करायला डॉडला पाण्याची नळी घेऊन हिरवळीवर उभं केलं.

"आजोबा, आता साबण पण लावा!" कुणीतरी ओरडलं.

डॉडने मान वर केली नाही. गुडघ्यावर बसून तो गवताला हात लावून बघत होता.

संध्याकाळी क्लबच्या गालिच्यावर, सवयीने बूट दाराबाहेर काढून, तो मोज्यांवर उभा राहिला. एका मोज्यातून अंगठा बाहेर आलेला.

"सातवी कुणी कापली?" कमिटीच्या अध्यक्षांनी विचारलं.

"मी."

"कुणाच्या सांगण्यावरून?"

डॉडने प्रिंगलसाहेबांकडे पाहिलं. ते म्हणाले, "हवा बघून ठरवा, एवढंच मी म्हणालो होतो."

"हॅल्डेनसाहेब, तुम्ही होता की तिथे!"

"मी पोचलो तेव्हा तुमचं बोलणं संपलं होतं, डॉड."

"मग हेक्टरला विचारा. तो होता."

हेक्टरला बोलावलं. तो आला, टोपी हातात चुरगळत उभा राहिला. "यंत्र चालू होतं साहेब," तो म्हणाला. "मला काही ऐकू आलं नाही."

केसाने गळा कापला की रक्तही लगेच दिसत नाही.

घरी इसोबेलने सगळं ऐकलं. "त्याच्या लग्नाला तू स्वतःचा कोट दिला होतास, मेल्याला!"

"त्याला तीन पोरं आहेत, इसोबेल."

"आणि मी कोण आहे रे? मी कुठे जाऊ?" ती भिंतीवर हात ठेवून उभी होती. तिने तो काढला नाही.

रविवारी कुणीतरी स्पर्धा जिंकली. सोमवारी सकाळी सातला हॅल्डेन स्वतः चिठ्ठी घेऊन आले. नोकरी आजपासून बंद, घर महिनाअखेर रिकामं करायचं, मुकादम म्हणून हेक्टर. चिठ्ठी टेबलावर ठेवून डॉड वाळूची पिशवी आणि चाकू घेऊन निघाला.

वारा पडला होता. सातवीवर पांढरं दव होतं. चेंडू आपटून पडलेले खळगे कुणी बुजवले नव्हते. त्याने कडेला बूट काढले, आत गेला आणि गुडघ्यावर बसून चाकूने गवत मधोमध ओढून खळगे एकेक करून बुजवू लागला. सहावा बुजवताना मागे पावलं वाजली.

हेक्टर होता. हातात दव झाडायची लांब बांबूची काठी.

"उतरा खाली," तो म्हणाला. "तुडवलेल्या दवावर यंत्र फिरवलं की डाग पडतात."

हे वाक्य डॉडचंच होतं. एकोणीस वर्षांपूर्वी, पहिल्याच दिवशी, त्याने हेक्टरला याच कडेला ऐकवलेलं. तेव्हा निदान "बाळा" तरी म्हटलं होतं.

"बरोबर आहे," डॉड म्हणाला. त्याने सातव्या खळग्यात चिमूटभर वाळू टाकली, अंगठ्याने दाबली आणि उठला. दवात त्याच्या पावलांची एक रांग आत आलेली दिसत होती. नवा ठसा उमटू नये म्हणून तो त्याच ठशांवर एकेक पाऊल ठेवत परत निघाला. गुडघा ठणकत होता, त्यामुळे वेळ लागला.

तो कडेला बसून बुटांच्या नाड्या बांधत होता, तोवर हेक्टरने दव झाडायला सुरुवात केली होती.