दोनशे वर्षांची नवी पिशवी

ठासणीच्या बंदुकांचं वेड लागलेली आम्ही ओहायोतली माणसं दर वसंतात जुन्या काळची छावणी टाकून तीन दिवस सतराशे ऐंशी सालात राहायला जातो. म्हणजे बाकीचे जातात. त्या सालात न शोभणारी एकही वस्तू छावणीत चालत नाही, आणि दारात तपासणाऱ्या कमिटीनं मला दोनदा परत पाठवलं होतं, एकदा तर एका बटणापायी. तिसऱ्यांदा नापास झालो की कायमची बंदी.

म्हणून यंदा मी शिकाऱ्याची कातडी पिशवी करायला घेतली. संग्रहालयातल्या सतराशे ऐंशीच्या पिशवीचा नमुना उतरवला. हरणाचं कातडं अक्रोडाच्या सालींच्या पाण्यात रंगवलं, मेण लावलेल्या दोऱ्यानं हातानं शिवलं. मग जुनी दिसावी म्हणून पिशवी कोंबड्यांच्या खुराड्यात पुरली, ट्रकमागे बांधून खडीवरून फरफटवली. मूळ पिशवीचा कोपरा उंदरानं कुरतडलेला होता. तेवढं काम नेलकटरनं करायला अख्खा रविवार गेला.

"मला सांगायचंस," माझी बायको ओडेसा म्हणाली, "उंदीर आणून दिला असता."

तिला यातलं काय कळतंय! दोन वर्षांपूर्वी माझ्या वाया गेलेल्या कातड्यातून तिनं दोन दिवसांत स्वतःला पिशवी शिवली होती, शेळ्यांचे खूर तासायची सुरी ठेवायला. तीही हातानं, कारण शिलाई मशीन मीच विकून टाकलं होतं. शिकाऱ्याच्या घरात मशीन शोभत नाही.

कमिटीचे प्रमुख क्रल एरवी दातांचे डॉक्टर. छावणीच्या दारात त्यांनी माझी पिशवी भिंगाखाली धरली.

"अफलातून काम, व्हर्लिन! दोनशे वर्षांची वाटते."

माझी छाती फुगली.

"आज साल कोणतं?"

"सतराशे ऐंशी!" मी पाठ केलेलं उत्तर दिलं.

"मग ही शिवली कधी? पंधराशे ऐंशीत? तेव्हा तुझ्या खापरपणजोबानं समुद्र तरी पाहिला होता का? अरे, सतराशे ऐंशीत ही पिशवी नवी होती!"

मला रडूच यायचं बाकी होतं. तीन महिने राबून मी तिची माती केली होती, अगदी अक्षरशः.

मला घरी न्यायला ओडेसा पुढे आली. क्रलची नजर तिच्या खांद्यावरच्या पिशवीवर गेली.

"बाई, ही कोणी केली?"

"मीच. पण ती शेळ्यांची आहे."

त्यांनी पिशवी हुंगली. "दोन वर्षांचा वापर. ना कमी, ना जास्त!" आणि वहीत लिहिलं: ओडेसा स्ट्राउड, शिकारी.

"छे हो, मला कुठं आत जायचंय? दूध कोण काढणार?" असं म्हणता म्हणता तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग उसासा टाकून शेजारणीला फोन लावला, "शेळ्यांचं तेवढं बघशील का गं?" फोन ठेवून तिनं क्रलना विचारलं, "सोबत माणूस नेता येतो का?"

"एक गडी चालतो. गड्याची तपासणी नसते."

आयुष्यात एवढा आनंद झाला नव्हता, आणि एवढी लाजही वाटली नव्हती. मी घाईघाईनं माझी पिशवी खांद्याला अडकवली.

"ती गाडीत ठेव," क्रल म्हणाले. "गड्याला कशाला हवी पिशवी?"

ओडेसानं दाराशी ठेवलेली लाकडी बादली उचलून माझ्या हातात दिली. "चल. पाणी कुठं मिळतं ते बघ आधी."