झाकणातले बारीक भोक

सहा वाजून चाळीस मिनिटांनी मल्लेश्वरमच्या आमच्या गल्लीत दुधाची गाडी येते. मग मथुरा आपल्या वर्कशॉपचे शटर अर्धे उचलते, वाकून आत शिरते आणि वेल्डिंगच्या टेबलावरची काजळी पुसते. सात वाजता तिचे वडील येसाजी भिंतीचा आधार घेत येतात आणि दाराशी खुर्चीत बसतात. त्यांचे गुडघे आता वाकत नाहीत. दोघांच्या मधोमध, फरशीवर, मी असते.

मित्रांनो, मी एक जुने पेट्रोल इंजिन आहे, आणि त्या गुरुवारी माझे चित्त थाऱ्यावर नव्हते. माझ्या शेजारी एक नवेकोरे इंजिन येऊन बसले होते.

माझे सिलिंडर ओतीव लोखंडाचे आहे. येसाजींनी मला घेतले तेव्हा मथुरा शाळेत जात होती. लग्नाच्या हॉलमध्ये वीज गेली की ते मला हातगाडीवर घालून नेत, आणि माझ्या जोरावर दिवे लागत. वरमाय माझ्यासमोरही पेढ्याचा पुडा ठेवी. तो अर्थात येसाजी खात. पुढे हॉलवाल्यांनी स्वतःचे जनरेटर घेतले. मी कोपऱ्यात गेले. वर्षातून एकदा, खंडेनवमीला, येसाजी मला पुसून हळदकुंकू लावत. तेवढा एक दिवस चुकला नाही.

यंदा मथुरा वाळलेल्या पानांचा भुगा करणारे यंत्र स्वतः बनवत होती. आमच्या भागात झाडे फार. कोपऱ्याकोपऱ्यावर पाने पेटवतात आणि येसाजी दिवसभर खोकतात. यंत्र तयार झाले, पण त्याला कोणते इंजिन जोडावे हे ठरत नव्हते. तिने वहीत लिहिले होते: नवे, सात हजार, आयुष्य पाचशे तास. जुने, दुरुस्ती बावीसशे, पेट्रोल जास्त पिते, आयुष्य... तिथे प्रश्नचिन्ह होते. त्या प्रश्नचिन्हाने मला आठवडाभर स्वस्थता नव्हती.

चिकपेटच्या दुकानातला नागराज, मूळचा निपाणीकडचा, नवे इंजिन घेऊन आला होता. मी हरले तर परत जाताना तो मला भंगारात, वजनावर, नेणार होता.

दोघांनाही तासभर चालवायचे ठरले. नवे न अडखळता चालले. मी अकराव्या मिनिटाला बंद पडले. थोड्या वेळाने पुन्हा सुरू झाले, पुन्हा बंद पडले. तिसऱ्यांदाही तेच.

"अक्का, म्हाताऱ्याला किती पळवता? स्वल्प दया करा की," नागराज म्हणाला.

"हळू बोल. अप्पा इथंच बसलेत."

"मला नाही गं म्हणत तो," येसाजी म्हणाले. "मला वजनावर घेतलं तर त्याच्या हाताला काय लागणार?"

तिघेही हसले. मी मात्र तळमळत होते, कारण माझे दुखणे मला ठाऊक होते आणि सांगायला तोंड नव्हते. टाकीच्या झाकणाला सुईएवढे भोक असते. त्यातून आत हवा आली तरच पेट्रोल खाली उतरते. पूर्वी येसाजी समोरच्या पत्र्यावर कुंकू लावत. गुडघे गेल्यापासून त्यांचा हात माझ्या माथ्यापर्यंतच पोहोचे, आणि माथ्यावर ते झाकण. दोन खंडेनवम्यांचे ओले हळदकुंकू त्या भोकात वाळून दगड झाले होते.

चौथ्यांदा बंद पडल्यावर मथुराने दोरी ओढली नाही. पेट्रोल पाहावे म्हणून तिने झाकण फिरवले. सुस्स करून हवा आत गेली. तिने झाकण उजेडात धरले, नखाने खरवडले. नख लाल झाले.

"बाकी काही म्हण नागराज," येसाजी अभिमानाने सांगत होते, "एका वर्षीसुद्धा पूजा चुकवली नाही मी. म्हणून टिकलंय ते."

मथुराने वडिलांकडे पाहिले. मग लाल बोट फडक्यात पुसले, तारेच्या ब्रशमधली एक तार उपसली आणि भोक मोकळे केले. मी एक तास वीस मिनिटे चालले.

"काय झालं होतं अक्का?"

"कचरा होता." तिने वही उघडून प्रश्नचिन्ह पुसले. "तुझं रोज दोन तास चालवलं तर वर्षही पुरत नाही, नागराज. ह्याच्या पिस्टनच्या रिंगा बदलते मी. पेट्रोल थोडं जास्त पिईल, पिऊ दे."

"सरी अक्का, तुमची मर्जी," म्हणत त्याने नवे इंजिन रिक्षात चढवले. पुसून टाकलेल्या प्रश्नचिन्हाच्या जागी अजून काही लिहिलेले नाही.

मित्रांनो, एखादे यंत्र दमले म्हणून टाकून देण्याआधी त्याचे झाकण एकदा उघडून पाहा. आणि ज्याच्या हातून ते अडले, त्याचा हातही जपा.

तीन आठवड्यांनी खंडेनवमी आली. मी आता पानांच्या यंत्रावर घट्ट बसले होते. येसाजी यायच्या आधीच मथुराने यंत्राच्या चारही पायांखाली एकावर एक विटा रचल्या आणि माझ्या झाकणावर झेंडूची फुले ठेवली. सात वाजता येसाजी हळदकुंकवाची वाटी घेऊन आले. त्यांनी हात पुढे केला. न वाकता तो थेट माझ्या समोरच्या पत्र्यावर टेकला.

"उंच केलंस काय गं?"

"फरशी धुवायची होती, अप्पा," मथुरा म्हणाली, आणि त्यांच्याकडची वाटी घेऊन त्यांच्या हाताजवळ धरली.