दार नसलेलं घर

मित्रांनो, मी डार्टमूर नावाच्या उंच, दलदलीच्या माळावरचं एक जुनं दगडी घर आहे. छपराशिवाय घर कसलं, म्हणाल तर म्हणा. लोखंड ठाऊक नसलेल्या माणसांनी मला गोल रचलं, वर गवताने शाकारलं. थंडीत त्यांची पोरं आणि मेंढ्या माझ्या पोटात एकत्र झोपायची. एके वर्षी ती माणसं निघून गेली. छप्पर कुजलं आणि मला फार एकटं वाटू लागलं.

पुढे मेंढपाळ आले. माझ्या दाराचा उंच दगड ही त्यांची धुक्यातली खूण झाली. दगडाला पाठ लावायची आणि सरळ उतरायचं, की खाली गाव. तेव्हा माझं केवढं कौतुक होतं!

मग खालच्या गावातल्या एलियस कॉन्टर याला नव्या फाटकासाठी खांब हवा झाला आणि त्याची नजर माझ्या दाराच्या दगडावर गेली. त्याची बायको विल्मट आडवी आली. तिचा बाप याच दगडाच्या आधाराने घर गाठायचा.

"दुसरा बघ की. माळावर दगडांचा दुष्काळ पडलाय का?"

"इतका सरळ कुठं मिळतोय? आणि तुझ्या बापासारखा चाचपडत नाही मी. माळ पाठ आहे मला."

बैल लावून त्याने तो दगड ओढून नेला. मी नुसतं दगडांचं कडं उरलो.

नोव्हेंबरात एका दुपारी दाट धुकं उतरलं. चुकलेली मेंढी शोधत एलियस माझ्यापाशीच पोचला. पण माळावर अशी कडी पुष्कळ, आणि मला ओळखायला तो दगडच तेवढा होता. भिंत चाचपत, दाराचा दगड शोधत तो गोल गोल फिरला.

"हे ते नव्हे," तो पुटपुटला. "चकवा लागलाय मला."

चकवा लागला की इथली माणसं अंगातला कोट उलटा करून घालतात. त्यानेही घातला, आणि धीर येऊन तो चालू लागला, थेट दलदलीकडे. मला ओरडता आलं नाही.

तो पुन्हा दिसला नाही. विल्मट मात्र दर धुक्यात वर यायची.

"हाक दे रे," ती म्हणायची. "मी रागावले नाही तुझ्यावर."

आता तीही नाही. पण धुकं उतरलं की एक गार हात माझ्या दगडांवरून फिरतो, थांबतो, पुढे सरकतो. मित्रांनो, जुन्या घराचा दगड उचलू नका रे. तो हात अजून दार शोधतोय, आणि मला ते दाखवता येत नाही.