अनुसयाबाईचे कच्चे टाके

मी वेल्डिंग मशीन बोलतेय. रॉडवाली नव्हे, तारवाली. हा फरक आधीच सांगून ठेवते, कारण माझ्या आयुष्यात जे काही बरंवाईट घडलं ते या फरकामुळेच घडलं.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. डोळे उघडले ते थेट वर्ध्यात, बंडूजींच्या दुकानातल्या फळीवर. तिथे बसून मी गिऱ्हाइकं न्याहाळायची. माणसांची एक गंमत आहे. मशीन घ्यायला आले की आधी ती उचलून पाहतात. जड लागली की खूश. मग विचारतात, "जाड लोखंड जोडते ना?" पातळ पत्र्याचं कोणी विचारत नसे. त्यामुळे शेजारच्या रॉडवाल्या भराभर खपल्या आणि मी धूळ खात बसले.

तानबाजीही रॉडवालीच न्यायला आले होते. सोबत बायको होती, अनुसयाबाई. दुकानातल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर ती कुबड्या मांडीवर आडव्या घेऊन बसली. साखरेच्या आजारानं तिचा एक पाय गुडघ्याखाली काढावा लागला होता.

हे दोघं सेलूकडचे. तानबाजी वांगी, पालक, सांबार म्हणजे कोथिंबीर पिकवायचे आणि बाजारात विकायची अनुसयाबाई. तानबाजींना विकणं कधी जमलंच नाही. गिऱ्हाइकानं जरा तोंड वाकडं केलं की हे मूठभर सांबार वरून घालायचे. पाय गेल्यावर अनुसयाबाईला जमिनीवर बसणं-उठणं होईना आणि ती घरात अडकली. म्हणून तानबाजींनी एका जुन्या ई-रिक्षाचा सांगाडा आणला होता. त्यावर घरीच पत्र्याची बॉडी बांधायची, आडवी सीट, हाताशी भाजीचे कप्पे, समोर काटा. म्हणजे अनुसयाबाई गाडीतच बसून भाजी विकेल. तिची बाजारातली जागा शेजारी बसणाऱ्या कुंताबाईनं पोतं टाकून राखून ठेवली होती.

"पत्र्याले रॉड लावसान तं चाळणी होईन, तानबाजी," बंडूजी म्हणाले. "तारवाली न्या. तिच्यात दोन परकार आहे. एकीले गॅसचं सिलेंडर लागते. काम साफ होते, पन तुमचं काम अंगणात. वारा आला का गॅस उडून जाते. ही दुसरी पाहा. हिच्या तारेतच मसाला भरला आहे. धूर करते, पन सिलेंडरसाठी चकरा नाई."

तानबाजींनी मला उचलून पाहिलं. हलकी लागले. त्यांचं तोंड उतरलं.

बंडूजींनी माझं झाकण उघडलं आणि अनुसयाबाई खुर्चीतून पुढे वाकली. "हे तं रीळ होय जी! दाबलं का दोरा आपोआप येते?"

"हो. फक्त दोरा लोखंडाचा."

"मंग हे माह्यं काम होय," ती नवऱ्याला म्हणाली. "तुमी पत्रा कापून देजा. शिवतो मी."

गावातल्या निम्म्या बायकांचे ब्लाउज तिच्या हातचे होते. मला निवडलं ते तिनं, आणि तेही शिलाई मशीन समजून. मला याचा राग आला नाही. उलट आयुष्यात पहिल्यांदा कोणी माझ्या वजनाकडे न पाहता माझ्या पोटात पाहिलं होतं.

सुरुवातीला आमचं काही जमेना. माझी गन म्हणजे माझं तोंड, तार तिथूनच बाहेर येते; ती तानबाजींनी धरली की पत्र्याला भोक पडलंच. त्यांचा हात कुदळीचा, जोर लावायचा. अनुसयाबाईनं गन घेतली, स्टुलावर बसली, आणि एक टिपका इथे, एक तिकडे, मग परत मधे, असे टाके घालू लागली. पत्रा तापून वाकू नये म्हणून असंच करावं लागतं. तिला ते कोणी शिकवलं नव्हतं. ब्लाउजची बाही जोडताना ती आधी कच्चे टाके घालायची आणि मग पक्की शिलाई मारायची, तेच तिनं इथे केलं.

पण तिच्या हातून एक चूकही झाली, आणि तिच्यासारखीच बाई ती करू जाणे. एका सकाळी तिनं प्रेमानं माझं झाकण उघडलं आणि शिलाई मशीनच्या कुप्पीतलं तेल माझ्या तार ढकलणाऱ्या चाकांवर सोडलं. झालं! चाकं तारेवरून घसरायला लागली. तार अडखळे, थुंके, धूर ओके. तानबाजींनी शिवारातल्या मोटारपंपांना शिव्या घातल्या, ते वीज ओढतात आणि करंट कमी पडतो म्हणून. शेवटी बंडूजींना फोन लावला.

"तेल? हिच्यात तेल कोनं टाकलं जी?"

अनुसयाबाई डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. पाय गेल्यापासून ती अशी हसली नव्हती, हे तानबाजींच्या चेहऱ्यावरून मला कळलं. ते चाकं पुसत होते आणि मधूनच तिच्याकडे बघत होते.

तिची एक सवय मला फार आवडायची. काम थांबवून उठताना ती पक्कड घेऊन माझ्या तोंडाशी आलेली तार कापून टाकायची. शिवणकामातही सुई टोचलेली आणि दोरा लोंबता ठेवून ती कधी उठली नाही. सून ज्योत्स्ना चहाला हाका मारत असली तरी आधी तार कापायची, मग कुबड्या घ्यायच्या.

बॉडी आकाराला आली. कप्पे झाले, सीट झाली. कुंताबाईचा निरोप आला, "पोतं टाकून टाकून कटाळली मी, येऊन राह्यली का नाई?" अनुसयाबाईनं उलट निरोप धाडला, "मागचा फळका राह्यला फक्त. बाजाराले येतो म्हना."

त्या दुपारी तिनं मागच्या फळक्याला, म्हणजे गाडीच्या पाठच्या पत्र्याला, चारही बाजूंनी कच्चे टाके घातले. "आता पक्की शिलाई मारतो," म्हणाली, आणि गन खाली ठेवली. छातीवर हात ठेवून तिनं हाक मारली. तानबाजींनी तिला उचलून नेलं. सावंगीच्या मोठ्या दवाखान्यात नेलं असं ऐकलं.

त्या दिवशी तिनं तार कापली नाही.

ती परत आली तेव्हा अंगणात गर्दी होती. अंगणाच्या कडेला मला ठेवलेल्या शेडमध्ये कोणी आलं नाही. माझ्या तोंडातून बोटभर तार बाहेर आली होती, तशीच राहिली. मला रडता येत नाही. येत असतं तर मी त्या दिवशी शेड डोक्यावर घेतलं असतं.

पुढे बाजार चुकवून चालेना. गाडी तशीच निघाली. तिच्या सीटवर ज्योत्स्ना बसली. परत आल्यावर अंगणात तिनं सांगितलं ते मी ऐकलं. गाडी जागेवर लावायला गेले तेव्हा कुंताबाईनं पोतं उचललं, झटकलं, घडी केली आणि त्याच पोत्यात तोंड खुपसून बसली.

फळका मात्र नुसत्या टाक्यांवर होता. रस्त्यानं खडखडायचा. लोक म्हणायचे, पक्का करून घ्या. तानबाजी ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. बुटीबोरीत कामाला असलेला मुलगा निकेश सुट्टीत घरी आला, त्यानं गन हातात घेतली आणि तार कापायला पक्कड लावली, तर तानबाजी केवढ्यानं ओरडले!

"ठेव ते! हात नको लावजो!"

"काऊन पन, बाबा? फळका पडून राह्यला ना."

"पक्की शिलाई मारली का तिचे टाके इतयून जाईन. मंग तिच्या हातचं काय राह्यलं?"

निकेशनं गन ठेवली. मला सांगावंसं वाटत होतं, तानबाजी, टाका वितळला म्हणजे जात नाही हो. तो शिलाईत मिसळतो. माझं कामच ते आहे. पण माणसाच्या भाषेत मला नुसतं फुरफुरता येतं, आणि तेही कोणी बटण दाबलं तर.

काल बाजारातून येताना फळका एका बाजूनं उखडला. उरलेली वांगी रस्त्यावर घरंगळली. तानबाजींनी फळका दोरीनं बांधून आणला. आज सकाळी ते गाडीपाशी उकिडवे बसले आणि तुटलेल्या टाक्यांवरून अंगठा फिरवत राहिले. जे जपायचं म्हणून हात लावू दिला नव्हता, तेच एकेक करून तुटत होतं.

ज्योत्स्ना चहा घेऊन आली.

"मामाजी," ती हळूच म्हणाली, "आई कधी दोरा लोंबता ठेवून उठत नोहत्या."

चहा निवून गेला. मग तानबाजी उठले, माझ्यापुढे आले आणि त्यांनी पक्कड घेतली. तार गंजली होती. एका झटक्यात तुटली. तुकडा त्यांनी सदऱ्याच्या खिशात ठेवला. माझं झाकण उघडलं, आणि तिथेच थबकले. तिनं बसवलेलं रीळ आत होतं. बाहेरची तेवढी बोटभर तार गंजली होती. आतली अजून चकचकीत होती.

"लय राह्यलं आहे व," ते म्हणाले. कोणाला, ते मला कळलं.

त्यांनी हेल्मेट डोक्यावर चढवलं. त्याचा पट्टा तिच्या लहानशा डोक्याच्या मापाचा, त्यांना कचकन आवळला. त्यांनी तो सैल केला नाही. जोर आवरून, एक टिपका इथे, एक तिकडे, असं ते काम करत राहिले. भोकं पडलीच. ती बुजवली. काचेमागे ते रडत होते आणि माझ्या आवाजात त्यांचा आवाज लपत होता, म्हणून मी थांबले नाही. तिचे उरलेले टाके एकेक लाल झाले आणि शिलाईत गेले. फळका पक्का झाला. वेडावाकडा, पण पक्का.

आता माझं एवढंच मागणं आहे. हे रीळ एक दिवस संपेल, याची मला भीती वाटते. दुसरं बसवतील, पण ते बंडूजींच्या दुकानातलं असेल, तिच्या हातचं नसेल. तरी मला झाकून ठेवू नका. तिची तार माझ्या पोटात गंजण्यापेक्षा तिच्या गाडीला लागलेली बरी.

काम झाल्यावर तानबाजी उठले, दोन पावलं गेले आणि परत आले. माझ्या तोंडाशी आलेली तार त्यांनी पक्कडीनं कापली, आणि मगच घरात गेले.