झाकलेला डोळा

"हे काय लावलंय डोळ्यावर?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं आणि कापसाचा बोळा कोमट पाण्यात बुडवला.

पार्लरताईने लेकीच्या, ठकूच्या, डोळ्याकडे बघितलं. दवाखान्यात जायचं म्हणून सकाळी तिने लेकीला आंघोळ घातली, धुतलेलं झबलं चढवलं आणि हात सवयीने डबीकडे गेला. बोटाच्या टोकावर जरासं फाउंडेशन, वरून पावडरीचा हलका हात. जो डाग दाखवायला निघालो तोच आपण झाकून आणलाय, हे तिच्या आत्ता ध्यानात आलं.

"लहान मुलांना चालतं ते आहे, मॅडम," ती कशीबशी म्हणाली.

"त्यांना चालत असेल. मला नाही चालत. मला दिसायला नको?" बाईंनी अलगद पापणी पुसली. कापूस कातडीच्या रंगाचा झाला आणि पापणी लालभडक.

गल्लीत तिला सगळे पार्लरताईच म्हणत. मुरूम, व्रण, रडून सुजलेले डोळे, लग्नाआधीच्या जागरणाची काळी वर्तुळं, सगळं तिच्या बोटांखालून गेलं की गायब. हातच्या काकणाला आरसा कशाला म्हणतात, पण हिचं पोट आरशावरच चालत होतं. लेक जन्मली तेव्हा तिच्या डाव्या पापणीवर डास चावल्यासारखा एक फिकट ठिपका होता. "जन्मखूण आहे, जाईल," असं सासूबाई म्हणाल्या. ठिपका जायचं सोडून लाल झाला, मग फुगला. एका गिऱ्हाइकाने पाळण्यात वाकून विचारलं, "अगंबाई, भाजलं की काय?" आणि त्या दिवसापासून पार्लरताईने तो झाकायला घेतला. झाकली मूठ सव्वा लाखाची. लस टोचणाऱ्या नर्सने डोळा सुजलाय का म्हणून विचारलं, तर "आत्ताच झोपेतून उठलीय" असं सांगून ती मोकळी झाली. रोज बघणाऱ्याला वाढ कळत नाही, रोज झाकणाऱ्याला तर नाहीच नाही. पण गेल्या आठवड्यात पापणी इतकी खाली आली की ठकू हनुवटी वर करून, मान मागे टाकून बघायला लागली. सूज काही पावडरीने झाकली जात नाही. तेव्हा कुठे पार्लरताईच्या पायाखालची जमीन सरकली.

डॉक्टरीणबाईंनी बोटाने डाग दाबला. तो क्षणभर फिका पडला आणि बोट उचलताच पुन्हा भरला.

"रक्तवाहिन्यांची गाठ आहे. कॅन्सर नाही, तो विचार आधी डोक्यातून काढा," बाई म्हणाल्या. "पहिल्या काही महिन्यांत ही भराभर वाढते, मग आपली आपण ओसरते. पाठीवर असती ना, तर दोन गोष्टी सांगून मी तुम्हाला घरी पाठवलं असतं."

"मग आता?"

"आता ती पापणीवर आहे." बाईंनी खुर्ची जवळ ओढली. "किती झपाट्याने वाढली ते मला कळायला हवं. जुने फोटो असतील ना?"

फोटो ढिगाने होते. पार्लरताईने मोबाइल काढला आणि बोट सरकवत राहिली. ठकू हसताना, ठकू झोपलेली, ठकू बाबांच्या खांद्यावर. अगदी पहिल्या दोनचार फोटोंतला फिकट ठिपका सोडला तर एकाही फोटोत तो डाग नव्हता. गोरीगोमटी, नितळ, एखाद्या दुकानातल्या बाहुलीसारखी पोर. आपल्या हाताची सफाई आपल्याच मुळावर आली, हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती.

दाराशी बाकावर पिशवी सांभाळत बसलेल्या सासूबाई उठून आत आल्या. "माझ्याकडे आहेत," त्यांनी आपला जुना मोबाइल पुढे केला. "आंघोळीनंतरचे. हिने रंगवायच्या आधीचे."

"आई, तुम्ही कधी काढलेत?"

"तू पार्लर उघडायला जायचीस तेव्हा. मला आपली ती आहे तशी बघायला आवडते." फोटो हललेले होते, एकात तर सासूबाईंचा अंगठाच जास्त होता, पण डाग दिसत होता. सुरुवातीला मसुराएवढा, मग नखाएवढा, मग अर्ध्या पापणीचा. डॉक्टरीणबाईंनी ते एकेक करून बघितले आणि मोबाइल परत दिला.

"बाळाला मांडीवर बसवा. तोंड माझ्याकडे."

बाईंनी टेबलावरून एक लाल चेंडू उचलला. ठकू त्याच्याकडे बघून पाय नाचवू लागली. बाईंनी दुसऱ्या हाताने तिचा सुजलेला डावा डोळा झाकला. ठकू चेंडूकडे बघतच राहिली, हसली, हात पुढे केला. पार्लरताईने सुटकेचा श्वास टाकला. मग बाईंनी हात बदलला आणि चांगला, उजवा डोळा झाकला.

ठकूचं हसू जागच्या जागी विझलं. तिने मान हिसडली, बाईंचा हात ढकलला आणि कोणी हातातलं खेळणं हिसकावून घ्यावं तशी भोकाड पसरून रडू लागली. बाईंनी हात काढला. ती थांबली. पुन्हा उजवा डोळा झाकला. पुन्हा तेच.

"ती का रडतेय?" पार्लरताईने विचारलं. उत्तर तिला समजलं होतं, पण कोणीतरी दुसरं काही सांगेल अशी वेडी आशा माणसाला असतेच.

"कारण तिच्या कामाचा डोळा मी झाकला," बाई हळू म्हणाल्या. "पापणी डोळ्यावर पडली की मेंदू त्या डोळ्याचं ऐकणं सोडून देतो. डोळा चांगला असतो हो, पण शिकतच नाही. पुढे गाठ गेली तरी नजर येईलच असं नाही."

"मी आधी आणली असती तर?"

"तर बरं झालं असतं." बाईंनी खोटं सांगितलं नाही आणि रागही केला नाही. "पण वेळ अजून गेलेली नाही. आज आणलंत हेही थोडं नाही."

डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून तेच सांगितलं. त्याच दिवशी ठकूला वॉर्डात ठेवून औषध सुरू झालं. मुळात हृदयाचं औषध, पण अशा गाठी त्याने आक्रसतात. हृदयाचं म्हटल्यावर पार्लरताईची पाचावर धारण बसली. नर्स सारखी येऊन ठोके मोजायची आणि दर वेळी ही तिच्या चेहऱ्याकडे बघायची. घरी जाताना नर्सने पुन्हा पुन्हा बजावलं, "पोटात दूध गेल्याशिवाय द्यायचं नाही. प्यायली नाही, उलटी झाली, तर त्या वेळचं औषध सोडून द्या आणि आम्हाला फोन करा. उपाशीपोटी या औषधाने अंगातली साखर उतरते. गळून गेली, घाम सुटला, तर तडक इकडे."

ठकूचे बाबा फ्रिज दुरुस्त करायला गावोगाव फिरायचे. निरोप मिळताच ते धावत घरी आले आणि पाळण्याशी उभे राहिले. पार्लरताईने खाली मान घालून सगळं सांगितलं. ते पाळण्यातलं दुपटं सारखं करत राहिले.

"अहो, काहीतरी बोला. शिव्या द्या हवं तर."

"काय बोलू? मला तो डाग ठाऊक होता. झाकलेला बघून मलाही बरंच वाटायचं," ते म्हणाले आणि पिशवीतली अवजारं उगाचच पुन्हा लावत बसले.

भीती घरातच मुक्कामाला आली. दुपारी औषधानंतर ठकू गाढ झोपली की पार्लरताई तिच्या छातीला कान लावायची, तळवे चाचपायची. एकदा तिने पोरीला हलवून हलवून उठवलं. ठकू संतापून रडली.

"अगं, झोपू दे तिला," सासूबाई म्हणाल्या. "औषधाने नाही, तुझ्या धास्तीने आजारी पडेल ती."

"आई, उठलीच नाही तर?"

सासूबाई पाळण्याच्या दुसऱ्या बाजूला बसल्या आणि त्यांनीही एक हात पोरीच्या पोटावर ठेवला.

गाठ हळूहळू ऐकू लागली. रंग विटला, सूज उतरली, पापणी वर आली. तिच्याखालचा डोळा पाणीदार, अगदी दुसऱ्यासारखा होता. बघणाऱ्याला फरक कळू नये असा. पण आता दिसण्याचा प्रश्न नव्हताच. रोज काही वेळ चांगल्या डोळ्यावर पट्टी चिकटवायची, म्हणजे आळशी डोळ्याला काम करावं लागेल, असा डोळ्यांच्या डॉक्टरांचा हुकूम होता. पट्टी लावली की ठकू आकांत करायची, आणि तो आकांत ऐकून त्या डोळ्याला अजून नीट दिसत नाही, हे आईला रोज नव्याने कळायचं.

"थोडी कमजोरी राहील असं धरून चला," डॉक्टर म्हणाले होते. "थोडी म्हणजे किती, ते तीच दाखवेल."

डबी कपाटात मागे गेली. ठकू पट्टीसकट पार्लरमध्ये येऊ लागली. बायका विचारायच्या आणि पार्लरताई सांगायची, "पापणीवर गाठ होती. मी झाकून ठेवली, म्हणून उशीर झाला." पहिल्यांदा सांगताना ती हातातला ब्रश पुसत राहिली. नंतर तेही अंगवळणी पडलं.

त्या दिवशी खुर्चीत एक नवरी मुलगी बसली होती, अर्धा चेहरा झालेला, अर्धा व्हायचा. सासूबाईंच्या मांडीवर ठकू चांगल्या डोळ्यावर पट्टी लावून रडत होती. रडता रडता ती थांबली. औषध, दूध, घाम, सगळं एकदम डोक्यात आलं आणि पार्लरताई गर्रकन वळली.

ठकू तिच्या हाताकडे बघत होती. हातात लाल कंगवा होता.

पार्लरताईने तो डावीकडे नेला. ठकूची मान डावीकडे गेली. उजवीकडे नेला. मान उजवीकडे आली, जरा उशिराने, पण आली. मग तिने आपला गुबगुबीत हात पुढे केला आणि कंगव्याच्या बोटभर बाजूला, हवेतच मूठ मिटली. मूठ उघडून तिने आत बघितलं. काही नव्हतं.

"अहो ताई, द्या की तिच्या हातात," आरशातून बघणारी नवरी म्हणाली.

"थांबा जरा," पार्लरताई म्हणाली.

तिने कंगवा पुढे सरकवला नाही. होता तिथेच धरून ठेवला आणि ठकूने पुन्हा हात उचलायची वाट बघत उभी राहिली.